व्हिंटनडेलचा नारिंगी ओढा

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. धबधबा पाहिला का? स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहिला का? आम्ही दोघांनी हे सारे पाहिले. पण वाचकहो, आज आम्ही तुम्हांला सांगणार आहोत ते एका ओढ्याविषयी. या ओढ्याच्या काठी उभे असताना आम्हांला आपल्या वस्तीतली विहीर आठवली. ती का आठवली, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

२०१९ च्या सप्टेंबर अखेरीस आम्ही मुलीकडे गेलो. मुलगी, जावई आणि नऊ वर्षांचा नातू पेनसिल्वेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरात राहतात. आमचे सारे आयुष्य वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात गेले. घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर ही आमची सोयऱ्याधायऱ्यांची गावे. दारातल्या तुळशीपासून ताटातल्या भाकरीपर्यंत कोळशाची धूळ. मुलगी नागपूरला इंजिनियर झाली, पुढे शिकायला परदेशी गेली, तेव्हा आम्हांला वाटले होते, चला, एक लेकरू तरी या धुळीतून सुटले.

पहिल्याच रविवारी जावयांनी शहर दाखवायला नेले. अ‍ॅलेघनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या इथे एकत्र येतात आणि ओहायो नदी होऊन पुढे जातात. संगमासमोर एक उंच कडा आहे. वर चढायला तारेने ओढली जाणारी गाडी आहे, ती १८७० साली सुरू झाली. वरून शहर फार सुंदर दिसते. आम्ही पाहत उभे होतो तेवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, या डोंगराचं नाव माउंट वॉशिंग्टन आहे, पण आधी त्याला कोल हिल म्हणायचे."

कोळशाची टेकडी! मुलीची आई हसायलाच लागली. "घ्या! सात समुद्र ओलांडून आलो, तरी पायाखाली कोळसाच."

लाल बोटांची मुले

त्या आठवड्यात मुलीने वाचनालयातून एक मोठे चित्रांचे पुस्तक आणले. ल्यूइस हाइन नावाच्या छायाचित्रकाराने बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या समितीसाठी काढलेली ती छायाचित्रे होती. त्यांतली काही १९११ सालची, याच राज्याच्या पूर्व भागातल्या पिट्स्टन गावची. तिकडे अँथ्रासाइट नावाचा कडक कोळसा निघतो. चित्रात लहान लहान मुले उतरत्या पन्हाळीवर बाकांवर ओळीने बसलेली. पायांखालून कोळसा घरंगळत चालला आहे, आणि पोरे वाकून त्यातला दगड वेचून बाजूला टाकत आहेत. दिवसाचे नऊ-दहा तास. चेहरे इतके काळे की फक्त डोळे दिसतात. मागे हातात काठी घेतलेला मुकादम.

मुलीने वाचून सांगितले, की या पोरांना हातमोजे घालायची मनाई होती. मोज्यात दगड नीट हाताला लागत नाही, काम मंदावते. कोळशातल्या गंधकाने आणि ओल्या चिखलाने त्यांची बोटे सुजत, सालपटे निघत, रक्त येई. त्या दुखण्याला तिथे नावच पडले होते, 'लाल बोटे'.

आम्ही पुस्तक मिटले. आमच्या मायचे हात डोळ्यांपुढे आले. राष्ट्रीयीकरणाच्या म्हणजे १९७३ च्या आधी ती एका खासगी खाणीच्या सायडिंगवर कोळशातला दगड वेचायला जात असे. संध्याकाळी घरी आली की आधी खोबरेल तेलाचे बोट घेऊन दिव्यापाशी बसायची आणि नखांच्या कडांना लावायची. आम्ही विचारले की म्हणायची, "दगड चावते रे बापू." दगड कसा चावतो, हे तेव्हा आम्हांला कळत नव्हते. कधी कधी ती आमच्यासाठी पदराला बांधून एखादा खडा आणायची. काळ्या दगडात पिवळेधमक, चकाकणारे कण. आम्हा पोरांना ते सोने वाटे. सांदीत लपवून ठेवलेला असला एक खडा पावसाळ्यानंतर काढून पाहिला, तर त्याची चकाकी गेलेली, वर पांढरी-पिवळी बुरशीसारखी भुकटी चढलेली आणि खालचा कपडा जळाल्यासारखा विरलेला. मायने तो फेकून दिला आणि आमचे हात राखेने घासून काढले.

पुढे आम्ही शिकलो, कोळसा धुण्याच्या कारखान्यात, ज्याला सगळे वॉशरी म्हणतात, तिथल्या प्रयोगशाळेत नमुने तपासायला लागलो. तिथे कळले, की ते सोने म्हणजे पायराइट, लोखंड आणि गंधक यांचे खनिज. वजनात निम्म्याहून थोडा अधिक गंधकच.

बादलीतले अंडे

नातवाने विचारले, "पण कोळशातला दगड काढायचा कशाला? तसाच जाळता येत नाही का?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही त्याला स्वयंपाकघरात नेले. एका भांड्यात साधे पाणी घेतले, त्यात कच्चे अंडे सोडले. अंडे बुडाले. मग त्यात मूठ-मूठ मीठ घालून ढवळत गेलो. अंडे हळूहळू वर आले आणि तरंगू लागले. पोरगा खूश!

आम्ही त्याला सांगितले, वॉशरीत हेच होते. पाण्याचे घनत्व १ धरले तर चांगला कोळसा साधारण १.३ भरतो, त्यातला चिकणदगड अडीचच्या आसपास आणि पायराइट तर ५. म्हणजे पायराइट सर्वांत जड. आता मिठाऐवजी पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची बारीक भुकटी कालवायची. असे जड पाणी केले की कोळसा वर तरंगतो, दगड आणि पायराइट तळाला बसतात. पुढे ही भुकटी चुंबकाने ओढून परत वापरता येते. दुसऱ्या पद्धतीत पाणी खालून वर सारखे ठोके देत उसळवतात, म्हणजे जड ते खाली आणि हलके ते वर असे थर होतात. आजी सुपात धान्य पाखडते तसेच, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. अगदी बारीक चुऱ्यासाठी थोडे तेल घालून पाण्याचा फेस करतात. कोळशाचा कण बुडबुड्याला चिकटून वर येतो, माती खाली राहते. पण इथे पायराइट फसवते. त्याचे बारीक कणही पुष्कळदा बुडबुड्याला चिकटतात आणि कोळशाबरोबर वर येऊन बसतात.

कोळसा तसाच जाळला तर? पायराइटमधला गंधक जळून त्याचा झोंबणारा वायू होतो. श्वासाला वाईट. हवेत त्याचे आम्ल बनते आणि पावसातून दूर दूर जाऊन पडते. भट्टीच्या नळ्यांना लोखंडी खळ चिकटतो. आणि असल्या कोळशाचा कोक पोलादासाठी वापरला तर पोलाद ठिसूळ होते. म्हणून गंधक आधीच काढायचा.

"सगळा निघतो?" नातू.

सगळा निघत नाही. पायराइटचे खडे, पट्ट्या असतील तर सहज निघतात. केसाहून बारीक कण कोळशात रुतलेले असतील तर कोळसा आणखी बारीक दळावा लागतो. जितका बारीक दळावा तितका पायराइट मोकळा होतो, पण तितका कोळसाही चिखलात वाया जातो, ओला राहतो, खर्च वाढतो. आणि गंधकाचा एक भाग असा असतो, की जो खनिज नसतोच. तो कोळशाच्या अंगातच मुरलेला असतो, पाण्याने कितीही धुवा, निघत नाही.

आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळशात गंधक थोडा असतो, बहुधा शेकडा १ च्या आत. आपले दुखणे राखेचे. शेकडा ३०-४० राख. म्हणून आम्ही नोकरीत रोज राखच मोजली. पायराइट दगडाबरोबर आपोआप जाई, त्याच्याकडे कोणी वेगळे पाहिले नाही. पेनसिल्वेनियाच्या पश्चिम भागात मात्र शेकडा २-३ गंधक नेहमीचा, आणि त्यातला बराचसा पायराइटचा. तिथे कोळसा धुणे म्हणजे मुख्यतः गंधकाशी झुंज.

हे ऐकून जावई म्हणाले, "बाबा, मग तुम्हांला होमर सिटीला न्यायलाच हवं."

होमर सिटीची धुराडी

ऑक्टोबरातला एक शनिवार धरून आम्ही पाचही जण निघालो. पिट्सबर्गहून पूर्वेला २२ क्रमांकाचा रस्ता जातो. दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यांवर झाडे लाल, तांबडी, पिवळी झालेली. तिकडे पानगळीपूर्वी झाडे असे रंग घेतात. आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा जसे रान पेटल्यासारखे दिसते, तसे. तास-सव्वा तासाने टेकड्यांमागून उंच धुराडी दिसू लागली. त्यांतले सर्वांत उंच १,२१७ फुटांचे, म्हणजे ३७१ मीटर. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची धुराडी पाहून डोळे तयार झालेले आम्ही, पण हे पाहून मान दुखली.

होमर सिटीचे हे वीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. १९७० साली अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि नव्या संचांना गंधकाच्या धुराची मर्यादा घातली गेली. १९७७ साली इथे तिसरा संच आला, त्याच्या जोडीला कोळसा धुण्याचा मोठा कारखाना उभारला गेला. त्याचा मुख्य हेतू गंधक कमी करणे हा होता. जुन्या संचांना मध्यम धुतलेला कोळसा आणि नव्या संचाला फार बारकाईने धुतलेला कोळसा, अशी त्याची योजना होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून लांबूनच पाहिले. आत कोणाला सोडत नव्हते. पण लांबून दिसणारे पट्टे, ढीग आणि पत्र्याच्या भिंती पाहूनही आम्हांला आपल्या कामावर आल्यासारखे वाटले.

मात्र धुण्याची मर्यादा शेवटी दिसलीच. कोळशाच्या अंगात मुरलेला गंधक धुण्याने जात नाही. म्हणून २००१ साली तिसऱ्या संचाला, आणि पुढे काही वर्षांनी उरलेल्या दोन संचांनाही, धुरातलाच गंधक चुन्याने काढणारी यंत्रे बसवावी लागली.

आम्ही हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगत होतो. नातू ऐकत होता. मधेच त्याने विचारले, "आजोबा, मग तो काढलेला दगड कुठे टाकतात?"

आम्ही म्हणालो, "बाजूला. ढीग करतात."

"आणि मग?"

वाचकहो, खरे सांगतो, इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न आम्ही कोणाला विचारला नव्हता आणि आम्हांलाही कोणी विचारला नव्हता. आमची तपासणी धुतलेल्या कोळशाची असे. उरलेला दगड ट्रॅक्टरमध्ये भरून जाई. आम्हांला उत्तर सुचेना. मुलगी आमच्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "चला, ते मी दाखवते."

ओढा

होमर सिटीपासून पूर्वेला अर्ध्या-पाऊण तासावर व्हिंटनडेल नावाचे खेडे आहे. वस्ती काही शे माणसांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाण निघाली. हंगेरी, पोलंड, इटली अशा देशांतून गरीब माणसे आली, कंपनीच्या घरांत राहिली, कंपनीच्या दुकानातून उधारीवर धान्य घेतले. इथे कोळसा निघे, धुतला जाई आणि भट्ट्यांमध्ये भाजून त्याचा कोक होई. १९६८ साली खाण बंद झाली. जुन्या रेल्वेच्या रुळांच्या जागी आता पायी आणि सायकलने फिरायची वाट आहे, तिचे नाव 'घोस्ट टाउन ट्रेल', म्हणजे ओसाड गावांची वाट.

आम्ही त्या वाटेने चालू लागलो. बाजूला एक काळी टेकडी होती. तिच्यावर झाड तर नाहीच, गवतसुद्धा नीट नाही. पावसाने पाडलेल्या घळया. आम्ही जवळ जाऊन दगड उचलला. उचलताक्षणी ओळखला. हाच तो आपला दगड! चिकणदगड, कोळशाचा चुरा, आणि मधे गंजून गेलेले पिवळे कण. इथले लोक या ढिगांना 'बोनी' म्हणतात. पन्नास-साठ, कुठे शंभर वर्षांपूर्वी कोळशातून काढून बाजूला टाकलेला माल. ज्यांनी वेचला ती माणसे गेली, मालक गेले, कंपनी गेली. ढीग तिथेच आहे.

आणि खाली ओढा. ब्लॅकलिक क्रीकचा दक्षिणेकडचा फाटा. पाणी स्वच्छ वाहत होते, पण तळाचे सारे दगड नारिंगी. जणू कोणी गेरू कालवून ओतला आहे. काठाची मुळे नारिंगी, पाण्यात पडलेली फांदी नारिंगी. मासा नाही, बेडूक नाही, शेवाळसुद्धा आपल्या ओळखीचे नाही. आम्ही उभे होतो तिथे पाण्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता.

मुलीने समजावले. पायराइट जमिनीत बंद असते तोवर निरुपद्रवी. खाण खणली किंवा कोळसा धुऊन ते उघड्यावर टाकले, की त्याला हवा आणि पाणी लागते. मग गंधकाचे आम्ल होते, म्हणजे आपण बॅटरीत घालतो तेच, फक्त पातळ. सूक्ष्म जंतू हे काम आणखी जलद करतात. आम्लाबरोबर लोखंड विरघळून येते आणि मोकळ्या पाण्यात त्याचा गंज होऊन तळाला बसतो. त्या नारिंगी गाळाला इकडे 'यलो बॉय' म्हणतात, म्हणजे पिवळा पोरगा. एकदा सुरू झाले की हे दहा-वीस वर्षांत थांबत नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालते.

धुऊन मळ गेला असे आम्ही म्हणत आलो. मळ गेला नव्हता. वरून खाली आला होता, एवढेच.

आमच्या शेजारी मुलीची आई उभी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग ओढ्याकडे पाहत म्हणाली, "हा रंग मी पाह्यला आहे. म्या तवाच तुमाले म्हटलं होतं न, विहिरीचं पाणी बराबर नाही म्हणून."

जे आम्ही सांगितले होते

ही गोष्ट सांगायला आम्हांला संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

२००८ साली आमच्या वस्तीत समाजमंदिराचा ओटा आणि त्यापुढची गल्ली भरायची होती. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होई. मुरूम आणायला पैसे नव्हते. तेव्हा वॉशरीतला टाकाऊ दगड फुकट मिळवून द्यायचे आम्ही मनावर घेतले. चौदा ट्रॉल्या आल्या. गल्ली कोरडी झाली. लोकांनी आमचे कौतुक केले, हारही घातला. गल्लीच्या टोकालाच वस्तीची जुनी विहीर आहे.

दोन-तीन पावसाळ्यांनी बाया बोलू लागल्या. पाणी आंबूस लागते. डाळ शिजत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी धुऊन ठेवलेली पांढरी लुगडी तांबूस झाली. घरातूनही तेच ऐकत होतो. लोक आम्हांला विचारायला आले, कारण आम्ही 'वॉशरीतला शिकलेला माणूस'. आम्ही म्हणालो, धुतलेल्या कोळशाचा दगड आहे, धुऊन निघालेला आहे, त्यात काही नाही, विहिरीच्या लोखंडी कडीचा गंज असेल. कोणालाही पाणी तपासायला सांगितले नाही. आमच्या शब्दावर लोकांनी आणखी आठ वर्षे ते पाणी वापरले. कोणी खोटे बोलायला लावले नव्हते. आम्हांला खरोखर तसे वाटत होते. पण बाया रोज त्या पाण्यात हात घालत होत्या, आणि त्यांना दिसत होते ते आम्ही ऐकले नाही.

त्या वाटेवर आम्ही एका लाकडी बाकावर बसलो. नातू पाण्यात खडे टाकत होता. मुलीच्या आईने डब्यातली पोळी काढून हातावर ठेवली, पुढे एक शब्द बोलली नाही. तिचे ते न बोलणे फार जड होते.

तळी आणि झाडे

व्हिंटनडेलला आणखी एक गोष्ट आहे, ती पाहिली नसती तर आम्ही खचूनच परतलो असतो. १९९४ साली टी. अ‍ॅलन कॉम्प नावाच्या इतिहास-अभ्यासकाने गावकरी, शास्त्रज्ञ, चित्रकार अशांना एकत्र करून खाणीच्या पडीक जागेवर काम सुरू केले. सुमारे ३५ एकरांवर आता बाग आहे. खाणीचे आम्लाचे पाणी तिथे एकापुढे एक अशा तळ्यांतून आणि पाणथळींतून फिरवण्याची योजना केली गेली. वाटेत चुनखडीचा थर, त्याने आम्ल मारले जाते. संथ पाण्यात लोखंडाचा गाळ बसतो. पाणवनस्पती उरलेले काम करतात. पंप नाही, वीज नाही, उतारानेच पाणी पुढे जाते.

तळ्यांच्या बाजूने झाडांच्या ओळी लावल्या आहेत. पहिल्या, आम्लाच्या तळ्यापाशी शरद ऋतूत लाल होणारी झाडे, पुढे नारिंगी, पिवळी आणि शेवटी हिरवट. शाळेत लिटमस कागद आम्लात लाल होतो, तसा सारा बगीचाच लिटमस. आम्ही गेलो ते नेमके त्याच दिवसांत. नातू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला आणि ओरडला, "आजोबा, इथे पाणी बरं झालं!"

खाणीच्या जुन्या तोंडापाशी काळ्या दगडावर पाळी संपवून बाहेर येणाऱ्या कामगारांची चित्रे कोरली आहेत. १९३८ सालच्या एका हौशी चलच्चित्रावरून ती घेतलेली. डोक्यावर टोप्या, हातात डबे. आम्ही समोर उभे राहिलो तर त्या चकचकीत काळ्या दगडात आमचेच प्रतिबिंब त्यांच्यात मिसळले. मुलीच्या आईने हात जोडले. नकळत आम्हीही.

परतल्यावर

डिसेंबरात आम्ही परत आलो. जानेवारी २०२० मध्ये वस्तीतल्या शाळेच्या विज्ञानाच्या गुरुजींकडून आम्लता तपासायच्या कागदपट्ट्या आणल्या आणि सर्वांसमोर विहिरीच्या पाण्यात बुडवल्या. चांगले पाणी ७ च्या आसपास दाखवते. आमच्या विहिरीने ४ आणि ५ च्या मधला रंग दाखवला. समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक भरवली, उभे राहून सांगितले, की चूक आमची. काही तरुण रागावले. ते रास्तच होते. एक म्हातारी म्हणाली, "सांगतलं तं खरं. आता पुढचं सांग."

पुढचे सोपे नव्हते. आधी पिण्यासाठी विहीर बंद केली, नळाच्या पाण्यावर सारे आले. मग टाळेबंदी आली, वर्ष गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात श्रमदानाने विहिरीकडची भर खणून काढली. तिथे चुना पसरला, चिकणमाती ठोकली, वर मुरूम टाकला आणि पावसाचे पाणी विहिरीकडे न येता बाहेर जावे म्हणून नाली बांधली. आता पट्टी ६ च्या वर रंग दाखवते. तरी ते पाणी आम्ही पीत नाही. झाडांना घालतो.

पण खणताना पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, नातवाने विचारला होता तो. हा काढलेला दगड टाकायचा कुठे? एकजण म्हणाला, नाल्यापलीकडे टाकू. नाल्यापलीकडे दुसऱ्यांची वस्ती आहे. तिथे टाकायचे नाही, असे बायांनीच ठरवले. शेवटी अर्ज लिहिला, दोन महिने खेटे घातले, आणि जिथून आला होता तिथल्याच टाकाऊ दगडाच्या आवारात तो परत घ्यायला लावला. ट्रॉली निघाली तेव्हा मुलीची आई दारात उभी होती. म्हणाली, "आता झालं बराबर."

होमर सिटीचे ते वीजकेंद्र १ जुलै २०२३ रोजी बंद झाले. २२ मार्च २०२५ रोजी सुरुंग लावून त्याची धुराडी पाडली. नातवाने त्याची चित्रफीत पाठवली. एवढे उंच धुराडे क्षणात वाकले आणि धुळीत दिसेनासे झाले. नातू आता मोठा झाला आहे, त्याचे मराठी थोडे अडखळते. त्याने खाली लिहिले होते, "आजोबा, चिमणी गेली. पण बोनीचा ढीग आहे तिथेच आहे."

आम्ही ते मुलीच्या आईला वाचून दाखवले. ती अंगणात पांढरी लुगडी वाळत घालत होती. तिने एक लुगडे उन्हाकडे धरून नीट पाहिले. डाग नव्हता.